टँकरपाशी घेतलेली व्हायवा

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि लॅबमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या.

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला आमच्या कॉलेजमागच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा. म्हणून प्रोग्रामिंग लँग्वेजेसचं प्रॅक्टिकल मी मुद्दाम टँकरच्या आदल्या दिवशी लावलं होतं आणि स्वतःवर भलतीच खूश होते. पण नेमका उदगीर रोडवर नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको झाला. तिकडं निघालेला टँकर अडला आणि आमच्या गल्लीत वळवला.

ज्यांची परीक्षा झाली होती ते सह्या करून पळाले. राहिली एकटी शिवलीला. निलंग्याची पोर, गल्लीत खोली करून राहायची.

"मॅडम, मला सोडा. मैत्रिणी गावाकडं गेल्यात. ड्रमपाशी माणूस नसलं की ड्रम भरत न्हाईत. अजून दोन पेपर हायत, आठ दिवस पाण्याबिगर कसं काढू?"

तिचा प्रोग्राम चालला होता. राहिली होती ती व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. ती घ्यायला नांदेडहून देशमुख सर आले होते. माणूस सज्जन, पण नियमाला चिकटलेला.

"व्हायवा पंधरा मिनिटं. न देता गेली तर गैरहजर," सर म्हणाले.

गैरहजर म्हणजे विषय राहिला. आणि टँकर काही पंधरा मिनिटं थांबणार नव्हता. पोरीचे डोळे भरले. मला तिची फार दया आली. मी नियमावली काढली. तोंडी परीक्षा परीक्षकासमोर व्हावी, एवढंच तिथं लिहिलं होतं.

"सर, यात लॅब कुठंय? तुम्ही उभे राहाल तिथं परीक्षा."

सरांनी ते पान दोनदा वाचलं. नियमच तसा म्हटल्यावर त्यांचा इलाज चालेना. मार्कलिस्ट काखोटीला मारून ते निघाले.

गल्लीत प्रत्येक घराला एक कार्ड होतं. कार्डावर टँकरवाला खूण करायचा आणि एक ड्रम भरायचा. ओळीत आमच्या सासूबाईही होत्या, दोन ड्रम घेऊन.

"काय गं, शाळा सुटली का?" त्यांनी विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सर उन्हात ड्रमपाशी उभे राहिले. "कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्स, फरक सांग." म्हणजे प्रोग्रामच्या एका भागानं दुसऱ्याला माहितीची नक्कल देणं, आणि मूळ माहितीच हातात देणं.

शिवलीलाचं लक्ष पाईपाकडं. "घागर भरून दिली तर व्हॅल्यू, पाईपच दिला तर रेफरन्स."

"चूक. घागर भरली की टँकर कमी होतोच. नक्कल कुठं झाली?"

ती गडबडली. मग ठणठणीत आवाजात म्हणाली, "मॅडमनी वर्गात सांगितलं तसं सांगते. कार्डाची झेरॉक्स दिली तर तिच्यावर कितीबी खुणा करा, मूळ कार्ड कोरंच ऱ्हातं. मूळ कार्ड दिलं की खूण त्याच्यावरच."

"शाब्बास!"

टँकरवाल्याचा हात थांबला. "म्हंजे झेरॉक्सवर बी पाणी नेऊन राहिले का लोकं? चला, समद्यांनी मूळ कार्डं दाखवा!"

सात-आठ ड्रम गुपचूप मागं सरकले. त्यातला एक आमचा होता. ती झेरॉक्स मीच कॉलेजच्या मशीनवर काढली होती.

ओळ आखडल्यामुळं शिवलीलाचा ड्रम काठोकाठ भरला. सरांनी घागरीचा एक मार्क कापून वीसपैकी एकोणीस दिले.

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "दुसरं काही शिकवता येत नव्हतं का तुला?"

तेव्हापासून घरात जे करते, त्याचं उदाहरण मी वर्गात देत नाही.