मशीनला एकच बाई दिसते

"डोक्यावरचा पदर काढा बाई. जरा हसा. बघू, तुम्ही तरी खऱ्या आहात का."

असं म्हणून तालुक्याच्या साहेबांनी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, पंधरा-वीस माणसं बसलेली असताना. मी पदर काढला. हसलेसुद्धा. का हसले? भीतीनं. भ्यालेलं माणूस हसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोबाईल टुंग करून वाजला. साहेब म्हणाले, "चला, ह्या तरी खऱ्या निघाल्या." आख्खा हॉल हसला. सरपंचाच्या खुर्चीतले भाऊ सगळ्यात मोठ्यानं.

मी अंगणवाडी सेविका. पाथर्डी तालुक्यात, रस्त्यापासून आत एक गाव आहे, तिथली. एकोणीस वर्षं झाली. बारावी शिकलेली आहे, लिहायला बरं येतं, बोलताना मात्र गावचंच तोंडात येतं. बौद्ध वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेली गावातली पहिली बाई मी. खुर्ची प्लास्टिकची, एक पाय तारेनं बांधलेला, पण खुर्ची.

गुन्हा काय माझा? तर ऐका.

आमच्याकडे छाया आणि मंदा अशा दोन सख्ख्या बहिणी आहेत. एकाच घरात दोन भावांना दिलेल्या, एकाच मांडवात. आमच्या भागात असं करतात. दोघी एका घरात गेल्या तर एकमेकीला धरून राहतील, असं आया म्हणतात. बहिणी होत्या, आता जावाही झाल्या. नाक, डोळे, कपाळ, सगळं एका साच्यातलं. मलासुद्धा पहिले दोन महिने चुकायचं. मग लक्षात आलं, मंदा हसताना तोंडाला पदर लावते, छाया लावत नाही. आता पाठमोरी चालली तरी सांगेन, कोण कुठली.

मंदाचं लेकरू अंगावर पितं. छायाला पाचवा महिना. दोघींची नावं माझ्या यादीत. दसरा झाला की त्यांची टोळी ऊसतोडीला जाणार. तिकडे कारखान्यावरच्या अंगणवाडीतल्या बाईनं मोबाईल उघडला की छायाचं नाव दिसलं पाहिजे. दिसलं तर आहाराची पाकिटं, गोळ्या, तपासणी, बाळंतपणाला गाडी. नाही दिसलं तर उसाच्या फडात पाचटावर काय व्हायचं ते होईल. होतं तसं. मी दोनदा ऐकलंय, आणि दोन्ही वेळा लेकरू परत आलं नाही.

पूर्वी नाव लिहिलं की भागायचं. आता चेहरा जुळवावा लागतो. मी छायाचा चेहरा घेतला तर मोबाईल म्हणाला, हा चेहरा आधीच नोंदवलेला आहे. उन्हात घेतला, सावलीत घेतला, तोंड धुऊन घेतला. तेच. मोबाईलला ती मंदाच दिसायची. मी फोन करून वर कळवलं. दुरुस्ती काही आली नाही, साहेब आले.

"एकीला दोनदा दाखवायचं, आणि दुसरीचा आहार कुठं जातो बाई?" सगळ्यांदेखत विचारलं.

मी म्हटलं, "साहेब, दोगी जित्या हायेत. बोलावते. हितून पाच मिन्टाव घर हाय."

"मी बायका बघायला आलेलो नाही. मशीनला जात नाही, पक्ष नाही, सोयरं नाही. खोटं माणूस बोलतं."

मशीनला जात नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. तेवढ्यात चहा आला. साहेबांना आणि भाऊंना काचेच्या ग्लासात, मला कागदी कपात. पूर्वी माझ्यासाठी कान तुटलेली वेगळी कपबशी असायची. आता कागद. एवढी सुधारणा झाली आमच्या गावात.

भाऊ कोण ते सांगते. सरपंच त्यांची बायको. वहिनी घरी भाकरी थापतात, खुर्चीत भाऊ बसतात. हॉलमधल्या या प्रकाराच्या महिनाभर आधी भाऊंच्या साहेबांची, म्हणजे मोठ्या पुढाऱ्याची, तालुक्याला सभा होती. भाऊंनी दोन टेम्पो धाडले आणि मला निरोप दिला, तुझ्या बाया भर. मी म्हटलं, गरोदर बायांना मी उन्हातान्हात टेम्पोत घालणार नाही. एवढंच म्हटलं. भाऊंनी ते लक्षात ठेवलं. त्या सभेत त्यांच्या पोरांनी प्रत्येकाच्या तोंडासमोर मोबाईल धरून फोटो काढले. तेव्हापासून भाऊ जाईल तिथं सांगतात, "कोन आलं, कोन न्हाई, समदं मोबाईल सांगतो. गावातल्या सगळ्यांचे चेहरे माज्याकडं हायेत."

खरं का खोटं, कुणाला माहीत? पण गाव बदललं. स्टँडवर चार माणसं बोलत असली आणि कुणाच्या खिशात मोबाईल वाजला की गप्प होतात. माझी शेजारीण चुलीपुढे भाऊंचं नाव काढायची तर आधी मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवायची. मी हसायचे तिला. आता मीही ठेवते.

चहा झाल्यावर साहेब म्हणाले, "जबाब द्या. दोन ओळी बोला, बाकी हा लिहितो." मोबाईल माझ्या तोंडाजवळ धरला. मी बोलले, "दोगी बहिनी सारख्या दिसत्यात. म्हनून मशीन चुकतंय." साहेबांनी काहीतरी दाबलं. घटकाभरात मोबाईलनं पानभर लिहून टाकलं, अस्सल सरकारी मराठीत. शेजारच्या खोलीतून कागद छापून आला. मी वाचला. त्यात लिहिलं होतं, सदर लाभार्थी अस्तित्वात नसून केवळ चेहऱ्यातील साम्याचा आधार घेऊन नोंद करण्यात आल्याचे मी मान्य करते.

मी म्हटलं, "आसं मी न्हाई बोलले."

साहेब म्हणाले, "तुमचंच आहे. फक्त नीट लिहिलंय."

मग भाऊ पुढे वाकले. आवाज अगदी मऊ. "सही कर गं. न्हाईतर पोलिसात जाईल परकरन. तुज्या मालकाची जीप सवाऱ्यांसाठी स्टँडवं उभी ऱ्हाती ना? ऱ्हाऊ दे की तिला उभी."

मी सही केली.

हे मी लपवणार नाही. वाचता येत होतं मला. प्रत्येक शब्द कळत होता. जिच्या पोटातलं लेकरू मी हाताला लागतं का म्हणून चाचपलं होतं, ती बाई अस्तित्वात नाही असं लिहिलेल्या कागदावर मी पूर्ण नावानं सही केली. कागद साहेबांकडे सरकवला. भाऊ म्हणाले, "शानी हायेस."

घरी मालकांना सांगितलं. ते जीप धूत होते. म्हणाले, "बरं केलंस. पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कशाला?" मला त्यांचा राग आला नाही. धुतलेलंच चाक त्यांनी पुन्हा धुवायला घेतलं होतं.

छायाला मी सांगितलं, की मशीननं तुझं नाव उडवलं. मशीननं. माझ्या सहीचं बोलले नाही. ती बिचारी म्हणाली, "बाई, त्याला मी आन् आक्की एकच वाटतोय व्हय? मंग मी येगळी दिसले तर?" मी आपलं हूं म्हटलं आणि वजनकाट्याकडे वळले. त्या हूंची शिक्षा अजून संपलेली नाही.

आठवड्याचा बाजार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी छाया अंगणवाडीच्या दारात उभी. पदर तोंडावरून ओढलेला. मी म्हटलं, "का गं, आज मंदावानी पदर?" तिनं पदर बाजूला केला.

अगं आई गं.

हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. डाव्या गालावर चांदणी. बाजारात बॅटरीच्या मशीनवर गोंदणारा बसतो, त्याच्याकडून गोंदून आली होती. गाल टरारून सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, चांदणीच्या टोकातून पाणी गळत होतं. अंगाला हात लावला तर तापानं फणफणलेली. पाचव्या महिन्यातली बाई.

"आता वळखंल नव्हं बाई?" ती म्हणाली. "आक्कीच्या गालाव चांदनी न्हाई."

मी मोबाईल काढला. का काढला? मलाही आशा होती म्हणून. लाज वाटते लिहायला, पण होती. तिनं सुजलेलं तोंड सरळ केलं, फोटोला बसतात तसं. मी बटण दाबलं. हा चेहरा आधीच नोंदवलेला आहे.

छायानं माझ्या तोंडाकडे बघितलं. रडली नाही, चिडली नाही. हाताची बोटं दुसऱ्या गालावर फिरवत म्हणाली, "अजून कुटं गोंदू?"

माझ्या आत काय झालं ते नीट सांगता येत नाही. मला ओकारी आली. खरोखरीची. मागच्या बाजूला जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत येऊन तिला सगळं सांगितलं. मशीन नाही गं. मी. माझी सही आहे. तिनं पदर पुन्हा तोंडावरून ओढला. मग म्हणाली, "तुमाला बी त्यांचं भ्या वाटतं व्हय? मला वाटलं, शिकलेल्याला वाटत नसंल." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मालकांना फोन केला, जीप आणा म्हटलं. ते लगेच आले. छायाला दवाखान्यात नेलं, ताप उतरायला तीन दिवस लागले. जीव वाचला. चांदणी राहिली. ती आता मरेपर्यंत राहील.

ग्रामसभेला मी दोघींना घेऊन गेले. वाटेत दोनदा वाटलं, माघारी फिरावं. मंदा म्हणाली, "बाई, चला, मला धरा." तिला धरून हॉलमध्ये शिरले. माझ्या हातात माझ्या अक्षरातला अर्ज होता. उभी राहून वाचला. माझा जबाब मी बोलले तसा लिहिलेला नाही, मी भीतीनं सही केली, तो जबाब मी मागे घेते, छाया ही जिवंत बाई असून पाच महिन्यांची गरोदर आहे.

भाऊ म्हणाले, "बाई, बसा खाली."

"न्हाई बसनार."

"इचार करून बोल. सगळ्यांचे चेहरे माज्याकडं हायेत."

मी म्हटलं, "मंग हितं बगा भाऊ. ह्या दोगी उब्या हायेत. मोजा. किती बाया हायेत?"

भाऊंनी मोजलं नाही. मी सभेकडे वळले. शंभरएक माणसं असतील. "तुमी सांगा. किती?"

कुणी बोललं नाही. छायाच्या लग्नात पंगती वाढणारे होते त्यात. तिचा सासरा होता. माझ्या हाताखाली अ आ शिकून आता मिशा फुटलेली पोरं होती. कुणी छताकडे, कुणी चपलांकडे. एका म्हातारबुवांचे ओठ हलले, पण भाऊंच्या एका पोरानं मोबाईल उचलून त्यांच्याकडे धरला आणि ते हललेले ओठ मिटले. समोर दोन बाया उभ्या. दोन म्हणायला सबंध गावात एकाची जीभ रेटली नाही. बळी तो कान पिळी, हे माहीत होतं. पण पिळून घ्यायला कान इतके आपणहून पुढे येतात, हे त्या दिवशी बघितलं आणि मी पहिल्यापेक्षा जास्त भ्याले. भाऊंना नाही. त्या शांततेला.

मंदा म्हणाली, "दोन. आमी दोन हाओत." तिचा नवरा तिला गप म्हणाला. ती गप बसली नाही.

ग्रामसेवकानं माझा अर्ज घेतला नाही. मी पाथर्डीला जाऊन रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि पावती चोळीत ठेवली. मालकांची जीप आता स्टँडवर लावू देत नाहीत. ते नाक्याच्या पलीकडे उन्हात उभी करतात.  एकदा फक्त म्हणाले, "दोनच व्हत्या की."

दसरा झाला. टोळी गेली. छायाचं नाव अजून कुठल्याच मोबाईलमध्ये नाही. मी तिला एका जाड कागदावर हातानं सगळं लिहून दिलं. नाव, वय, महिना, वजन, रक्त, गालावर चांदणी, खाली माझी सही आणि शिक्का. म्हटलं, कुणी नाही म्हटलं तर हा पुढे कर आणि मला फोन लाव. वह्या लिहू नका असा वरून हुकूम आहे. मी वही लिहायला घेतली आहे. प्रत्येक बाई, प्रत्येक लेकरू, डोळ्यानं बघून.

मला नोटीस आली. कामावरून का कमी करू नये, त्याचा खुलासा सोमवारी तालुक्याला येऊन करावा. भाषा तीच, मोबाईलची. मी भ्यालेली आहे. दारात गाडी थांबली की आधी फटीतून बघते. कर नाही त्याला डर कशाला, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्याला भाऊ भेटलेले नसतात. माझी कर नाही, आणि मला डर आहे. दोन्ही खरं आहे. भीती जायची वाट बघत बसले तर मी मरेन आणि ती इथंच राहील. म्हणून तिला सोबत घेऊनच सोमवारच्या गाडीत बसणार.

तिथं ते पुन्हा छापलेला कागद पुढे करतील. मी सही करणार नाही. माझा जबाब मी माझ्या हातानं लिहीन, कितीही वेळ लागू दे. मग खुशाल काढा मला कामावरून. पण काढताना कारण लिहा, आणि खाली तुमची सही करा: या बाईनं दोन बायांना दोन म्हटलं.