गोधडीत नसलेला शर्ट

माझ्या बाळासाठी शिवल्या जाणाऱ्या गोधडीत सगळ्या गल्लीचे कपडे होते, माझा एकही नव्हता. हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी माझ्या मनात जे जे येऊन गेलं, ते लिहायची आजही लाज वाटते. पण त्याशिवाय बाकीचं सांगता येणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. आम्ही केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत भाड्याने राहत होतो. मी दुष्काळी कामांवर हजेरी घेणारा कारकून. आठवड्यातले बरेच दिवस पाथर्डीकडच्या खडीच्या कामांवर जायचे. मस्टरवरचं नाव पुकारायचं आणि 'हजर' म्हणणारा माणूस तोच आहे का ते बघायचं, हे माझं काम. बहिणीच्या नावाला बहीण उभी राहायची, आजारी बापाच्या नावाला मुलगा. पोटासाठी करत होती माणसं, ते मला कळत नव्हतं असं नाही. तरी मी पकडत होतो, आणि पकडता येतं याचा थोडा गर्वही होता. त्या कामाने माझी नजर बिघडली. शनिवारी घरी आलो तरी ती नजर काही उतरून ठेवता यायची नाही.

घर मात्र जीव लागावा असं होतं, आणि ते सगळं बायकोच्या हातचं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला पत्र्याचं झाकण लावून तिने रॉकेलची चिमणी केली होती. जुन्या लुगड्याच्या काठांची वेणी घालून चुंबळ केली होती, तीवर हंडा असा बसायचा की हलायचा नाही. माझ्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवायची, उलटी करून पुन्हा शिवायची, आणि शर्ट आणखी वर्षभर चालायचा. मीही एकदा फळांच्या खोक्याच्या फळ्या आणून मांडणी ठोकली. ती एका बाजूला कलली होती. बायको म्हणाली, "कललेल्या बाजूला मिठाची बरणी ठेवू, जड हाय." मग ती मांडणी सरळ दिसायला लागली. संध्याकाळी त्या मांडणीकडे बघत चहा पिणं ही आमची चैन होती.

आमची दोन मुलं गेली होती. पहिलं बारशाआधीच, दुसरं रांगायला लागल्यावर. पहिल्याच्या वेळी मी आनंदाने कापड बाजारात जाऊन नवी कोरी मखमलीची कुंची आणली होती. जन्मलेल्या बाळाला आधी जुनं घालायचं असतं, नवं नाही, असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी हसलो होतो. त्यानंतर कुणी मला कधी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता बायकोला पुन्हा सातवा लागला होता. घरात त्याविषयी कुणी बोलत नव्हतं. ती हळू चालायची आणि मी तिच्या पायांकडे बघायचो.

एका शनिवारी आलो तर खाटेखाली गुंडाळी दिसली. ओढून पाहिली. विटकं लुगडं अस्तराला घेऊन वर तुकडे मांडलेले, बारीक धावदोरा घातलेला. आकार लहान.

"हे काय?"

"पायपुसणं," ती म्हणाली.

उंबऱ्याशी पोत्याचं पायपुसणं होतंच. मी गुंडाळी परत खाटेखाली सरकवली. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं, तेव्हा ते सायकलच्या कॅरिअरवर टाकायला होतं. तिसऱ्या वेळी, "जात्याखाली घालायला." एकाच वस्तूची तीन उत्तरं मिळाली की मस्टरवर मी लाल खूण करायचो.

मग मी तुकडे बघायला लागलो. हिरवं फुलाफुलांचं परकराचं कापड घरमालकांच्या सुनेचं. ते दोरीवर वाळताना मी पाहिलं होतं. खाकी तुकडा कोपऱ्यावरच्या पोस्टमनच्या जुन्या पँटचा. आणि मधोमध, बरोबर छातीवर यावा असा, पांढऱ्यावर निळ्या रेघांचा एक चौकोन. तो शर्ट मला पाठ होता. समोरच्या सायकल दुकानदाराचा. पाच मुलांचा बाप, अंगाने दांडगा, बोलायला मोकळा. माझी बायको त्याच्या दुकानावरून जाताना तो "कशा हात वहिनी?" असं मोठ्याने विचारायचा. मी घरी नसतानाही विचारत असणार.

मी माझा एक जुना शर्ट काढून दिला. "यातलं घे की. मऊ झालाय."

तिने तो हातात घेतला, उजेडात धरला. "चांगला हाय अजून. कॉलर उलटी करते."

"कॉलर एकदा उलटून झालीय."

"मग असू दे," म्हणाली, आणि कोनाड्यात ठेवला. दोन शनिवारांनी तो शर्ट मला सापडला. त्याची चिंधी करून ती कंदिलाची काच पुसत होती. माझा शर्ट काजळी पुसायला, आणि त्याचा माझ्या बाळाच्या छातीवर. त्या रात्री मी जेवलो नाही. दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नाही असं कारण सांगितलं, आणि ते सगळ्या जिल्ह्याला पटण्यासारखं होतं.

एकदा कामावरचा ट्रक लवकर निघाला, मी दुपारीच घरी पोहोचलो. बायको समोरच्या सायकलवाल्याच्या घराच्या मागच्या दाराने बाहेर येत होती. पदराखाली काहीतरी होतं.

"कुठं गेल्तीस?"

"पाण्याला."

हातात घागर नव्हती. मी घागरीबद्दल विचारलं नाही. न विचारता मनात ठेवायची सवय मला कामाने लावली होती. माणूस आणखी एकदा खोटं बोलला की पुरावा पक्का होतो.

दुसऱ्या दिवशी सायकलमधली हवा मीच सोडली आणि ती ढकलत समोर गेलो.

"पंक्चर न्हाई भाऊसाहेब," तो ट्यूब पाण्यात दाबत म्हणाला. "कुणीतरी वाल्व ढिला केलाय. पोरं लई वांड झाल्यात."

"तुमचा तो निळ्या रेघांचा शर्ट हल्ली दिसत नाही."

"फाटला. बायकोनं कुठं घातला कुणास ठाऊक. आमच्या घरात माणूस हरवलं तर घावंल, कापड न्हाई घावायचं." मग वर बघून हसला. "का? तुमाला पायजे हुता का? तुमी दोघं मावाल त्यात."

त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. ज्याच्या तोंडावर काहीच नसतं त्याच्यावर मी कामावर जास्त लक्ष ठेवायचो.

घरी येऊन मी ठरवलं, विचारायचं नाही, करायचं. बायको टँकरच्या रांगेत गेली होती. समोरच्या वहिनी, त्या दुकानदाराची बायको, माझ्या बायकोच्या वाटचा हंडा उचलून आणायच्या, हे मला माहीत होतं; त्या वेळी त्यांच्या त्या मदतीतही मला काहीतरी दिसत होतं. मी अंगातल्या ऑफिसच्या शर्टाचा मागचा पाखा खालून कात्रीने कापला. पँटमध्ये खोचलेला असतो, कुणाला दिसणार? गोधडीची एक कड आणि मधला भाग अजून शिवायचा राहिला होता. तिथून हात घालून तो तुकडा मी थरांच्या मधे, त्या निळ्या रेघांच्या बरोबर खाली सरकवला आणि वरून चार टाके घातले. माझे टाके तिच्या धावदोऱ्याशेजारी लंगड्यासारखे दिसत होते. तरी मला बरं वाटलं. बाळाच्या छातीशी आता मी होतो.

संध्याकाळी ती गोधडी घेऊन दाराशी बसली. शिवताना ती तळहात फिरवत जायची, थर सरकला का ते बघायला. मधोमध आल्यावर हात थांबला. पुन्हा फिरवला. मग तिला माझे टाके दिसले.

"हे कुणी घातलं?"

"मी." माझा आवाज चढला. "का? माझं नको का त्यात? गावाचं चालतं, सायकलवाल्याचं चालतं, माझ्या लेकराच्या अंगावर माझी चिंधी चालत नाही?"

ती उठायला लागली आणि पुन्हा खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्याचा भाव असेल म्हणून मी बघत होतो. तिथे भीती होती, आणि ती मला घाबरल्याची नव्हती.

"तुमी काय केलं ओ," ती हळूच म्हणाली. "आपल्या घरचं घातलं तुमी."

मग तिने सांगितलं. तिच्या आईने सांगून ठेवलं होतं, ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथल्या लेकराला लेकुरवाळ्या पाच घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांत ठेवायचं. आपल्या घरचा एक धागा त्यात घालायचा नाही. लेकरू आपलं नाहीच, त्यांचं आहे, असं व्हायला हवं. म्हणजे जे काही दोनदा या घरात येऊन गेलं, ते तिसऱ्यांदा आलं तर त्याला आपलं लेकरू सापडणार नाही. आणि मागितलंय हे घरधन्याला सांगायचं नाही. ती उन्हातून पोट सांभाळत पाच दारांत पदर पसरून आली होती. अस्तराचं लुगडंही मागितलेलं, आणि त्या दुपारी पदराखाली होता तो शिवायचा दोराही. निळा तुकडा शेवटचा, पाचवा. म्हणून मधोमध.

"तुमाला हसू यील म्हणून बी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "त्या कुंचीच्या वक्ताला हसला हुता."

मी विज्ञान वाचलेला माणूस. चिंधीने काही होत नाही हे मला माहीत होतं. पण ती गोधडी मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हात तिने त्या जागेवरून उचलून घेतले होते, जणू तिथे विंचू आहे. तिला आणखी दोन महिने काढायचे होते. या भीतीत काढले असते तर काय झालं असतं, ते सांगायला विज्ञान लागत नाही.

"उसव," मी म्हणालो.

"उसवून काय? आत जाऊन आलं की."

शेवटी तीच म्हणाली, "वैनींना इचारते." आणि समोर गेली. या वेळी पुढच्या दाराने.

वहिनी आल्या. त्यांनी टाके पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, हे शिवलंय का बैल बांधलाय?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "टाके उसवा आन चिंधी माझ्याकडं द्या. आज माझ्या घरात ऱ्हाऊ दे. माझ्या धाकट्याचं तोंड पुसते तिनं, आमच्या हंड्याच्या पाण्यात धुते, आमच्या दोरीवर वाळवते. मग ती माझ्या घरची झाली. उद्या दारात या आन मागून न्या. बायकोनं न्हाई यायचं, तुमी यायचं. घोळ तुमी घातलाय."

प्यायला पाणी नव्हतं त्या दिवसांत. त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या शर्टाच्या तुकड्यावर घातलं, ते मी आमच्या दारातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. बायका पदर पसरतात. माझ्याकडे पदर नव्हता. मी शर्ट पुढून ओंजळीसारखा धरला. मागून तो आखूड होताच, आता कमरेपर्यंत वर गेला. दुकानदार आतून भाकरी खात बाहेर आला. त्याला बायकोने सगळं सांगितलेलं दिसत होतं, निदान चिंधीपुरतं. माझ्या मनातलं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

"काय पायजे भाऊसाहेब?"

"बाळासाठी एक चिंधी."

"जोरात बोला. मस्टरवर नाव पुकारता तसं."

मी जोरात म्हणालो. गल्लीतली दारं उघडली. कुणी हसलं नाही, तोच हसला, आणि त्याने तो तुकडा माझ्या शर्टात टाकला. त्याला त्यांच्या घराचा वास येत होता, साबणाचा आणि सायकलच्या सोल्यूशनचा.

बायकोने तो तुकडा आत घातला नाही. वर, निळ्या चौकोनाशेजारी लावला, सगळ्यांना दिसेल असा. टाके मात्र या वेळी तिनेच घातले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला कळा सुरू झाल्या. टांगा समोरच्या दुकानदारानेच आणला. वहिनी आत बायकोजवळ, आम्ही दोघे दवाखान्याच्या व्हरांड्यात. मी गोधडी धरून बसलो होतो. तो बिड्या पेटवत होता आणि न ओढता टाकत होता. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि नर्सबाई आल्या. हातात फडक्यातलं एवढंसं काहीतरी होतं, आणि ते रडत होतं.

"मुलगी आहे. वडील कोण?"

मी उठलो. तोंड उघडलं. आतून बायको ऐकत असेल हे त्याच क्षणी मनात आलं, आणि मी तोंड मिटलं.

"आमची हाय," तो म्हणाला. "द्या इकडं."

नर्सबाईंनी माझ्या शर्टाकडे, त्याच्या तेलकट हातांकडे पाहिलं आणि मूल त्याच्याकडे दिलं. मस्टरवर खोटी हजेरी पकडणारा मी तिथे उभा होतो, आणि दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणाऱ्या त्या माणसाचा हात धरावासा वाटला. त्याने मुलीला गोधडीवर घेतलं, टोकं दुमडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आमचीच हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याकडं ठेवलीय. नीट सांभाळा, भाऊसाहेब."

मुलगी तिसऱ्या वर्षी बोलायला लागली तेव्हा कुणी "कुणाची गं तू?" विचारलं की ती समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायची. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.