लॉगिन झालं नाही, तरी फाइल गेली

आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे बिनचूकराव म्हणतात. मी अकरा वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलाशी बसते. मला त्या नावाची आता शिसारी येते.

त्याची स्क्रिप्ट, म्हणजे त्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, दर तासाला हॉस्पिटलच्या सर्व्हरवर आपोआप लॉगिन करते आणि रिपोर्टच्या फाइली तिकडे टाकते. पूर्वी लॉगिन फसलं की स्क्रीनवर लाल ओळ यायची. साहेबांना ती खुपायची. "चार लोकांत शोभा होते," म्हणाले. तेव्हा या गृहस्थाने काय करावं? लॉगिन होवो न होवो, शेवटी हिरव्या अक्षरांत 'फाइल पाठवली' असंच उमटेल अशी सोय केली. साहेबांनी पाठ थोपटली. हा चक्क लाजला. शी!

मग त्याच्या थोरल्या बहिणीच्या पायाची जखम चिघळली. तिला त्याच हॉस्पिटलात ठेवलं. कुठलं औषध लागू पडेल हे सांगणारा रिपोर्ट आमच्याकडून जायचा होता. सोमवारी हिरवी ओळ आली आणि याने आक्काला फोन लावला. "गेलाय गं. डॉक्टरच बघत नसतील." मंगळवारी तेच. बुधवारी वर सल्ला, "जरा आवाज चढव, त्याशिवाय ही माणसं हलायची नाहीत."

गुरुवारी दुपारी तिथली नर्स स्वतःच आमच्या काउंटरवर येऊन उभी राहिली.

"रविवारी पासवर्ड बदललाय. तसं कळवलं होतं तुमच्या साहेबांना. तेव्हापासून एक फाइल आली असेल तर शपथ!"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत होता. स्क्रीन हिरवीगार.

मग त्याने दुरुस्ती केली. लॉगिन फसलं तर थांबायचं आणि तसं सांगायचं. सगळ्या मिळून तीन ओळी. एवढ्याशा कामापायी तीन दिवस अंदाजाने दिलेलं चुकीचं औषध चाललं होतं. शुक्रवारी आक्काच्या पायाची दोन बोटं काढली.

शनिवारी मी त्याच्याबरोबर भेटायला गेले. "आज सगळं कबूल करतो," वाटेत तो तीनदा म्हणाला. आक्का टेकून बसली होती. त्याला बघताच तिचा चेहरा फुलला.

"त्या डॉक्टरला मी चांगलंच फैलावर घेतलं रे. सगळ्या वॉर्डासमोर! म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलायचा नाही, तुम्हीच कामचुकार. बिचारा मान खाली घालून ऐकत होता."

मी याच्याकडे पाहत राहिले.

"बरं केलंस, आक्का," तो म्हणाला आणि तिची उशी नीट करू लागला.