ठिबकच्या नळीतलं गाणं

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. बाजाराच्या दिवशी सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून ते निघायचे, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायची. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी विचारायचं, ही कोणाच्या मालकीची? संगीताच्या सॉफ्टवेअरपाशीही मी हाच प्रश्न घेऊन गेले.

गेले ती मोठेबाबांमुळे. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. हिंगणीच्या अलीकडे आमच्या गावात त्यांची भाजीची वाडी आहे, आणि माझ्या जन्माआधीपासून त्यांची गायन पार्टी होती. ते गायचे, मोठीआई पेटी वाजवायची, शेजारचे काका ढोलकीवर. भीमजयंतीचा कार्यक्रम म्हणजे मोठेबाबांचं गाणं, असंच गाव धरून चालायचं.

मग खर्र्यानं, त्या सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या पुडीनं, त्यांचा घसा खाल्ला. खर्रा विकणाऱ्यांबद्दल आणि कागदावरच्या बंदीबद्दल मला जे म्हणायचं आहे, त्याला एक वेगळा लेख लागेल. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक, त्यावर रुमाल. बोलण्यासाठी एक यंत्र मिळालं, टॉर्चएवढं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते गुणगुणतं, आणि तोंड हलवलं की त्या गुणगुणण्याचेच शब्द होतात. सगळे शब्द एकाच सुरात. गावातल्या पोरांनी त्याचं नाव भुंगा ठेवलं.

पुढची जयंती जवळ आली तसा मंडळाचा अध्यक्ष घरी आला. तरणा, कामसू पोरगा, मनानं चांगला.

"मोठेबाबा, यंदा वर्ध्याचा डीजे सांगतो. तुमाले तरास नको."

मोठेबाबांनी भुंगा गळ्याला लावला. "सांग," म्हणाले, आणि वाडीत निघून गेले.

मोठीआई मला म्हणाली, "पार्टी बंद झाली त हा माणूस खचते, पोरी. आत्ताच धड जेवून नाई राह्यला."

मी अध्यक्षाशी भांडले, म्हटलं, मोठेबाबांचं गाणं मी कॉम्प्युटरकडून गाऊन घेते. शेवटी त्यानं एवढं कबूल केलं की जयंतीआधी एकदा ऐकवा, जमलं तर पार्टी, नाही तर डीजे.

कॉम्प्युटरला गाता कसं आलं, ते मी त्या दिवसांत वाचून काढलं. सुरुवात गाण्यासाठी झालीच नव्हती. टेलिफोनच्या धंद्याला माणसाचा आवाज तारेतून कमी खर्चात न्यायचा होता, म्हणून प्रयोगशाळेत आवाजाची चिरफाड झाली. घशातली गुणगुण वेगळी, तोंडाचा आकार वेगळा. पुढे तिथेच कोणी तरी खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरला सुरांचं गणित घातलं. गणित कार्डांवर छिद्रं पाडून द्यायचं, यंत्र आकडेमोड करत बसणार, आकडे टेपवर उतरणार, टेप दुसऱ्या यंत्रावर नेली की क्षणभर संगीत. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी काहींनी ते कुलपात ठेवले नाहीत, विद्यापीठांना देऊन टाकले. त्यांचे वंशज आज फुकट मिळतात, आणि आत काय लिहिलं आहे तेही वाचता येतं. हीच विद्या काहींनी कीबोर्डात बंद करून विकली. कोणाच्या बाजूनं उभं राहायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही.

फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, मोठेबाबांच्या जुन्या कॅसेटी घेतल्या. त्यातून त्यांचा 'आ', त्यांचा 'ई', ओळीच्या शेवटी येणारा कंप असं एकेक मोजून लॅपटॉपला त्यांच्यासारखं गायला लावलं. एक अख्खं गाणं तयार केलं.

विहाराच्या ओसरीवर दुपारी सगळे जमले. गाणं लावलं. ढोलकीवाले काका "वा रे वा!" म्हणून ठेक्यावर आले. मोठीआईनं पदर तोंडाशी धरला. मोठेबाबा डोळे मिटून ऐकत होते.

इथे त्यांची एक रीत सांगायला हवी. बाहेरगावचं कोणी मांडवात शिरलं की मोठेबाबा ओळीच्या मधोमध थांबत. ढोलकी हळू चालू राही. "केळझरची पाव्हणी आली, जागा द्या तिले. जयभीम, माय, बस." आणि ओळ जिथे तोडली तिथूनच उचलत. तेवढ्यासाठी काही बायका मुद्दाम उशिरा येत.

त्या दुपारी गाणं ऐकून मोठीआईची बाहेरगावची एक मैत्रीण ओसरीच्या पायऱ्या चढली. बाजार करून परत निघालेली, डोक्यावर रिकामी टोपली. मोठेबाबांचा हात आपसूक वर गेला. काकांनी ढोलकी हळू केली. लॅपटॉप गातच राहिला.

मोठेबाबांनी भुंगा लावला. "थांब."

गाणं चालूच.

"थांब बे!"

त्यांचाच आवाज त्यांच्या अंगावरून पुढे चालला होता. पाहुणी चपला हातात घेऊन उभी. मी घाईघाईनं ते बंद केलं.

"हा कोन हाय?" मोठेबाबांनी विचारलं.

"तुम्हीच आहात, मोठेबाबा."

"मी असतो त थांबलो असतो." ते उठून पायरीवर जाऊन बसले.

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "डीजेच झाला न हा, बाई. लहान डीजे."

मला दुसरं काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं. साधन फुकट असणं आणि साधनानं आपलं ऐकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं.

वातावरण हलकं करायला मोठीआईनं पेटी ओढली आणि भुंग्याचा सूर पट्ट्यांवर शोधायला लागली. "बोला न काई." मोठेबाबा काहीतरी पुटपुटले. तिनं पट्टी दाबून धरली. "पाहा, भुंगा काळी दोनमदी हाय. अख्खा जलम काळी चारचा हट्ट केला, आता बसा काळी दोनमदी!"

मोठेबाबांचे खांदे हलले. आवाज नसला तरी ते हसत होते.

मी तिच्या बोटाकडे बघत राहिले. शब्द तर मोठेबाबा स्वतः करतच होते. तोंड, जीभ, ओठ सगळं शाबूत होतं. हवी होती ती फक्त गुणगुण, पण हलणारी. आता सॉफ्टवेअरला आधी गणित घालून वाट बघावी लागत नाही, पट्टी दाबली की त्याच क्षणी सूर येतो. मग ती पट्टी मोठीआईनंच का दाबू नये?

पेटीसारख्या पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड लॅपटॉपला जोडला. लहान स्पीकर नरसाळ्यात बसवला, त्याला वाडीतल्या ठिबकची नवी, उकळून घेतलेली नळी लावली. नळीचं टोक मोठेबाबांच्या तोंडाच्या कोपऱ्यात, समोर माईक. मोठीआईनं दाबलेला सूर नळीतून त्यांच्या तोंडात जाणार, आणि तोंड हलवून ते त्याचे शब्द करणार. पहिल्या दिवशी नुसती लाळ गळली. "वासराले दूध पाजून राह्यलो जसं," काका म्हणाले. मोठेबाबा नळी काढून फेकायचे, मोठीआई पुसून परत द्यायची.

"आता तोंड तुमचं अन् सूर माहा," ती म्हणाली. "लगन झालं तवापासून हेच पायजे होतं मले."

हळूहळू शब्द सुरावर बसायला लागले. मंडळाची पोरं ऐकायला आली. अध्यक्षानं पूर्ण ऐकलं आणि अवघडून म्हणाला, "आवाज त मशीनचाच येऊन राह्यला, मोठेबाबा."

मोठेबाबांनी नळी काढून भुंगा लावला. "आवाज मशीनचा. गानं माहं."

"बरं. एक गानं. मंग डीजे."

जयंतीच्या संध्याकाळी मांडव भरला. स्टेजच्या एका बाजूला डीजेवाल्याचे डबे आधीच रचलेले होते. पहिल्या ओळीला पुढची पोरं फिदीफिदी हसली, कारण आवाज खरोखर भुंग्याचाच होता. पण मोठेबाबा 'मानूस' शब्द चावून, 'नू'वर रेंगाळून म्हणतात, ते तसंच आलं. बायकांच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "अवं, हे त तेच हायत!" काही शब्द लागत नव्हते. तिथे लोकच ते म्हणत होते, गाणं सगळ्यांना पाठ होतं.

गाणं संपलं. ठरल्याप्रमाणे अध्यक्ष माईककडे आला आणि डीजेवाल्यानं वायर उचलली. मोठेबाबांनी नळी तोंडातून काढली नाही. त्यांनी मोठीआईकडे बघून फक्त भुवई वर केली, आणि तिनं दुसऱ्या गाण्याचा पहिला सूर दाबला. अध्यक्षानं हातानंच डीजेवाल्याला थांबवलं. मग स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला आणि टाळ्यांनी ठेका धरायला लागला.