खांबावरून उतरेपर्यंत

माझी मुलगी यशोधरा नेकनूरच्या घरी बसून काम करते. कॉम्प्युटर ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तिच्यात फायली ठेवणारा आणि उघडणारा भाग असतो. तो ती दुरुस्त करते. मी तीस वर्षं विजेच्या लाइनवर खांब चढलो. तिचं काम मला अर्धं कळतं, मेहनत पूर्ण कळते.

त्या दिवशी सायंकाळी सहाला एक दोष जाहीर होणार होता. फाइल उघडायचा हक्क आहे का, हे प्रणाली आधी तपासायची, मग उघडायची. मधल्या क्षणात कोणी फाइल बदलली, तर दुसऱ्याची खाजगी फाइल हाती लागायची. तो कोड दोन वर्षांपूर्वी यशोधरानंच लिहिलेला. सहाच्या आत दुरुस्ती गेली नाही, तर चोरांना वाट कळणार होती आणि दार उघडंच राहणार होतं.

तिनं त्या मधल्या क्षणाला कुलूप घातलं. तरी चाचणी चाळीस हजारांत एकदा फसत होती. पाच वाजले.

सोबत काम करणारा पवन फोनवर म्हणाला, "एकदाच ना? पाठव की. सोनं घडवायलीस का?"

"ज्याची फाइल जाईल त्याला तू सांग मग," म्हणून तिनं फोन ठेवला.

तिच्या आईनं, चतुराबाईनं, ठेवलेल्या चहावर साय धरली होती. मी विचारलं, "कुलूप कवा काढतीस?"

"काम झालं की."

"झालं म्हंजी? आमी खांबाखालच्या डीपीच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घालायचो, वर असताना कुणी लाइन चालू करू नये म्हणून. माझ्या जोडीच्या हरिबानं काम झालं म्हणून वरूनच फ्यूज खाली टाकला. खालच्यानं लावला. हरिबा अजून खांबावरच."

"ठावं हाय, आबा. हात गेला त्यांचा. लई येळा सांगितलंय…" ती थांबली. बोट स्क्रीनवरच्या एका ओळीवर टेकलं. "हे बघा. फाइल हातात यायच्या आधीच कुलूप सोडलंय मी."

कुलूप सोडायची ती ओळ तिनं दोन ओळी खाली नेली. चाचणी पुन्हा लावली, दोन लाख वेळा. अर्धा तास ती उठली नाही. मीही नाही. एकदाही फसली नाही.

दुरुस्तीसोबत दोन शब्द लिहावे लागतात. मूळ चूक कोणाची, हे लिहायची सक्ती नसते. तिनं लिहिलं, माझी. पाच पन्नासला पाठवली. पाच अठ्ठावन्नला स्वीकारल्याचं उत्तर आलं.

तिनं चाचणी परत चालू केली.

"आता परत कावून? दुरुस्ती गेली की."

"तुमी फ्यूज लावल्यावरबी, समदं नीट हाय का म्हणून, खांबाकडं एकदा बघत न्हवता का?" ती म्हणाली, आणि गार चहा सायीसकट प्याली.