राशीतलं पहिलं घमेलं

गव्हाचं नवं पोतं उघडलं की भुशाचा जो कोरडा वास नाकात चढतो, त्याने मी थेट अमिरातीतल्या अल ऐनजवळच्या त्या शेतावर जाऊन पोचते. नव्वदच्या दशकात माझे यजमान तिथे एका अरब कुटुंबाची शेती सांभाळायचे. त्या दुपारी हंगामाचा शेवटचा गहू उघड्यावर पडला होता, आकाश पिवळं झालं होतं, वाळूचं वादळ कधीही येणार होतं. म्हातारे मालक ‘यल्ला, यल्ला’ करत काठी आपटत होते. मजूर पोती भरायला धावले, मीही पोत्यांची तोंडं धरायला वाकले. आणि ह्यांनी राशीतलं पहिलं घमेलं भरून भिंतीशी नेऊन ठेवलं. आमच्या गावी खळ्यावर पहिलं सूप असंच बाजूला काढतात, मागायला येईल त्याच्यासाठी. सवयीने हात चालला होता. काठी थांबली. “ये किसके वास्ते?” मालकांनी विचारलं. मजूर थबकले. ही रास आपली नाही, हे ह्यांना तेव्हा आठवलं असावं, कारण चेहरा पांढराफटक पडला. नोकरी, व्हिसा, सगळं मालकांच्याच हातात होतं. “गरीब लोगों के वास्ते. हमारे गाव में ऐसा करते हैं,” हे कसंबसं म्हणाले आणि घमेलं परत ओतायला वळले. मालकांनी काठी आडवी धरली. वाळू डोळ्यांत जायला लागली होती. त्यांनी वाकून घमेल्यात पाहिलं. “हमारे में भी कटाई के दिन निकालता है,” ते म्हणाले, “लेकिन इतना कम?” हल्ली पुण्यात पोतं उघडलं की बाजूला काढायला मी आधी वाटी घेते, तिच्याकडे बघते, आणि ती ठेवून पातेलं उचलते.