टीव्हीच्या पोटात अक्षता

होल्डवर ठेवल्यावर वाजणारी पियानोची ती धून आजही एखाद्या लिफ्टमध्ये कानावर पडली, की माझे दात आपोआप आवळले जातात. त्या वर्षी ती मी सगळीकडे ऐकली. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दाराला टेकून ऐकली, ऑफिसच्या पँट्रीत चहा गार होईपर्यंत ऐकली, मीटिंगमधून "वन मिनिट" म्हणत बाहेर पडून जिन्यात येरझाऱ्या घालत ऐकली. मधूनमधून एक गोड आवाज सांगायचा, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढा महत्त्वाचा आहे तर उचल की मग! असं मी एकदा मोठ्यानं म्हणाले, तर शेजारच्या बाई पर्स छातीशी धरून चार पावलं लांब सरकल्या.

प्रकरण टीव्हीचं होतं. मला स्वतःला टीव्हीचं मुळीच वेड नाही. तो घेतला होता बाबांसाठी, आणि बाबा माझ्याकडे राहणार की पुण्याला परत जाणार हे, निदान माझ्या समजुतीनं, त्या टीव्हीवर अवलंबून होतं.

आई गेल्यावर बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहिले. मी फोन केला की "मजेत आहे" म्हणायचे. मग एक दिवस समोरच्या काकूंचा फोन आला. गॅस तसाच चालू होता, पातेलं जळून काळं झालं होतं आणि बाबा बाल्कनीत बसले होते. काकूंनी फ्रिज उघडून पाहिला, तर आत दूध आणि ब्रेडशिवाय काही नाही. त्यानंतर माझी झोपच उडाली. नवरा बोटीवर इंजिनिअर, एकदा गेला की महिनोन्महिने तिकडेच. मी तडक पुण्याला गेले आणि बाबांना वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. त्यांना इथे राहायचा पास वर्षभराचा मिळाला. "थोडे दिवस येतो," बाबा म्हणाले होते, आणि बॅगेत खरोखरच थोड्या दिवसांचे कपडे भरले होते.

बाबांचा जन्म जिल्हा कोर्टाच्या कचेरीत गेला. आयुष्यभर माणसांच्या गराड्यात बसलेला माणूस. इथे मी सकाळी चांगी बिझनेस पार्कला निघायचे, म्हणजे या इवल्याशा देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, ती दिवेलागण झाल्यावर परत यायचे. खाली जाऊन बसा म्हटलं तर, "कुणाशी बोलू? माझं इंग्रजी कोर्टाचं आहे," म्हणायचे. म्हणून पाडव्याला मोठा टीव्ही घेतला, मराठी चॅनेलं लावली, आणि बाबा जरा माणसात आले. सकाळी बातम्या, दुपारी मालिकेतल्या सासवांचे पुनःप्रक्षेपित कट. "घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं," ते म्हणाले. मला तेवढं पुरे होतं.

पाडव्याला आणलेल्या वस्तूची पूजा आमच्याकडे आईच करायची. यंदा बाबांनी केली. वाटीत कुंकू कालवलं आणि स्वस्तिक टीव्हीच्या पाठीवर काढलं, कारण पुढे काढलं असतं तर बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावर आलं असतं. मग अक्षता वाहिल्या. वाहिल्या म्हणजे काय, मंगलाष्टकं चालू असल्यासारख्या मूठभर उधळल्या. मला हसू आलं आणि आईची आठवणही आली. दोन्ही एकदमच.

महिनाही धड गेला नसेल, पडद्याच्या मधोमध एक हिरवी रेघ आली. प्रत्येक माणसाचं नाक त्या रेघेनं दुभंगलेलं. मग रेघेला बहिणी झाल्या. मग उजवी बाजू पूर्ण काळी पडली, त्यामुळे सून बोलताना दिसायची आणि सासू अंधारातून तिचा पाणउतारा करायची. बाबा काही दिवस तसंच बघत राहिले. मी त्यांना टॅबलेट दिला, तर म्हणाले, "हा हातात धरून बघायचा म्हणजे आरसा धरून दाढी केल्यासारखं होतं." आणि मग एका संध्याकाळी, मी चपला काढते न काढते तोच: "अगं, मी काय म्हणतो, गणपतीच्या आधीचं तिकीट काढून दे मला. इथे बसून मी करतो काय?"

 ते काळं पातेलं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

नवऱ्यानं बोटीवरून सल्ला दिला, की सोड ना, दुसरा घे. का म्हणून? वॉरंटी काय शोभेला दिली होती का? मी कंपनीच्या मागे हात धुऊन लागले. पहिल्या बाईनं प्लग काढून परत लावायला सांगितला. दुसऱ्यानं प्लग काढून परत लावायला सांगितला. तिसरीला मी आधीच सांगितलं की प्लग काढून परत लावलेला आहे, तर ती म्हणाली, "ओके मॅम, पण आता माझ्यासमोर एकदा लावा." मी ऑफिसात, टीव्ही घरी. दर वेळी नवा माणूस, दर वेळी हिरव्या रेघेच्या जन्मापासून कथा. शेवटी टेक्निशियन आला. त्यानं टीव्हीची पाठ उघडली, आत टॉर्च मारला, फोटो काढले, बाबांकडे पाहिलं, परत आत पाहिलं आणि ऑफिसमधून फोन येईल म्हणाला.

फोन आला तेव्हा मी एमआरटी स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर होते.

"मॅम, टीव्हीत तांदूळ सापडलेत," ती म्हणाली.

"काय सापडलंय?"

"राईस, मॅम. नॉट कुक्ड. पिवळ्या रंगाचा. आणि मागे लाल द्रव सांडल्याची खूण आहे. टीव्ही किचनमध्ये ठेवला होता का?"

"नाही."

"घरात पक्षी आहे का? कोंबडी वगैरे?"

अकराव्या मजल्यावर, सरकारी फ्लॅटमध्ये, कोंबडी! मी तिला पूजा समजावून सांगू लागले. नवी वस्तू, शुभ दिवस, कुंकू, हळद लावलेले तांदूळ. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "सो तुम्ही मुद्दाम घातले, मॅम?" बाहेरची वस्तू आत गेली की वॉरंटी नाही. कॅनॉट, मॅम. व्हेरी सॉरी. तांदळाच्या दाण्यानं पडद्यावर हिरवी रेघ कशी येईल, हे मी तिला तीन प्रकारे विचारलं. तिन्ही वेळा ती व्हेरी सॉरी होती.

मी तणतणतच घरी पोचले. हे बाबांना सांगायचं नाही असं सगळा रस्ताभर ठरवत होते, आणि दार उघडल्या उघडल्या सांगून टाकलं. स्वभावाला औषध नसतं. "अक्षता, बाबा! तुमच्या अक्षतांमुळे नाही म्हणतायत ते!"

बाबा उठून टीव्हीच्या मागे गेले आणि हवा जायच्या जाळीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "तुझी आई मोजून सात दाणे टाकायची," एवढंच म्हणाले. मला स्वतःची इतकी चीड आली की मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, तर बाबा डायनिंग टेबलाशी चष्मा लावून बसले होते. समोर माझा जुना फोन स्पीकरवर, आणि त्यातून तीच पियानोची धून. त्यांनी मला बोटानं गप्प राहायची खूण केली.

"चूक माझी आहे ना? मग प्रकरण मी चालवणार," धून वाजत असतानाच ते म्हणाले. "तू आरडाओरडा करतेस. कचेरीत आरडाओरडा करणाऱ्याचं काम सगळ्यात शेवटी होतं."

आणि त्यांनी प्रकरण चालवलं. रोज आंघोळ, पूजा, चहा, आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून फोन. फोनवर बोलायला शर्ट कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "आवाजात फरक पडतो." त्यांच्या कोर्टाच्या इंग्रजीत ते म्हणायचे, "मॅडम, आय मोस्ट हम्बली सबमिट, दॅट राईस इज नॉट अ कंडक्टर." मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसायचे. मग प्रकरण जिच्याकडे होतं ती बाई तिच्या वरच्याला विचारून सांगते म्हणायची, आणि बाबा तिला कधी फोन करू असं विचारून घ्यायचे. पुढची तारीख मिळाल्यावर जुन्या अशिलाच्या चेहऱ्यावर येत असेल तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर यायचं. दोन फोन झाल्यावर त्यांनी तिला जेवलीस का विचारलं. पुढच्या आठवड्यात मला कळलं, की तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि ती मंडळी आधी मलाक्काची.

मग एक दिवस बाबा घरी नव्हते. माझा जीव उडाला. फोन केला, तर मागून गाड्यांची घोषणा ऐकू येत होती. ते एकटे एमआरटीनं कंपनीच्या काउंटरवर जाऊन आले होते. "समक्ष गेल्याचा परिणाम वेगळा असतो," म्हणाले. परतताना हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, उतरून कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्याले होते, आणि मेट्रोच्या कार्डात पैसे कसे भरायचे ते एका शिखाकडून शिकून घेतलं होतं. त्याच्याशी हिंदीत गप्पा झाल्या, तोही टीव्हीच्या कंपनीला वैतागलेला निघाला. आता दोघांचं अधूनमधून खाली भेटायचं ठरलं होतं, एकमेकांच्या प्रकरणाची प्रगती विचारायला. इतके महिने मी ज्या माणसाला खालच्या बाकापर्यंत नेऊ शकले नव्हते, तो शहर पालथं घालत होता.

गणपती जवळ आले. तिकिटाचा विषय मी मुद्दाम काढला नाही. बाबांनीच काढला. "यंदा गणपतीला काही जाता येणार नाही," ते म्हणाले. "हे अर्धवट टाकून कसा जाणार? टीव्ही आला, की मी मोकळा."

मला आनंद झाला, आणि लगेच धडकीही भरली. टीव्ही आला, की मी मोकळा. म्हणजे ज्या टीव्हीसाठी मी एवढा आटापिटा केला, तो आला की बाबा जाणार. रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. ऑफिसात फोन वाजला की मी दचकायला लागले. आधी कंपनी फोन का करत नाही म्हणून कासावीस व्हायचे, आता करेल म्हणून. रोज घरी पोचले की पहिला प्रश्न तोच, "काय म्हणतायत?" आणि बाबा हात झटकून म्हणायचे, "काही हालचाल नाही. महाचिवट आहेत. पण मीही सोडत नाही." फोन आला त्याच्या आदल्या रात्रीही तेच म्हणाले होते, वरणाला फोडणी देता देता. हो, आता फोडणीही तेच द्यायचे.

तर त्या दिवशी दुपारी, जेवून परत येताना, फोन आला. आवाज ओळखीचा होता. अक्षतांवरून मला कोंबडीचं विचारणारी तीच.

"गुड न्यूज, मॅम! मॅनेजमेंटनं अ‍ॅप्रूव्ह केलंय. नवीन सेट देणार. फक्त डिलिव्हरीचा दिवस कन्फर्म करायचाय."

केव्हापासून मी या वाक्याची वाट पाहिली होती. हे ऐकल्यावर काय काय सुनवायचं, तेसुद्धा पाठ करून ठेवलं होतं. त्याऐवजी ऑफिसच्या इमारतीबाहेर रणरणत्या उन्हात मी इकडून तिकडे फेऱ्या मारायला लागले.

"ऐका," शेवटी मी म्हटलं, "तो जरा उशिरा पाठवलात तर चालेल?"

 मला वाटलं, आता ही मला वेड्यात काढणार. इतके दिवस हिचं डोकं खाल्लं ती मीच ना?

"उशिरा म्हणजे, अंकल म्हणाले तसंच ना, मॅम?"

"अंकल काय म्हणाले?"

"आम्ही त्यांना आधीच कळवलंय, मॅम. दोन आठवडे झाले असतील. ते म्हणाले, घाई नाही, मुलगी खूप बिझी असते, दीपावलीनंतर पाठवा. नंतर परत फोन करून म्हणाले, दीपावलीनंतरसुद्धा आधी विचारा. पण सिस्टिममध्ये नाव तुमचं आहे, म्हणून तुमच्याकडून कन्फर्म करतेय."

मी जिथे होते तिथेच उभी राहिले. जेवून परतणारी माणसं दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होती. डोळे पुसायला रुमाल शोधला, तर तो वर डेस्कवर राहिला होता.

"मॅम? मग दीपावलीनंतर ठेवू?"

"हो," मी म्हटलं. "ते म्हणतील तसंच ठेवा. आणि तुम्ही मला फोन केला होता, हे त्यांना कळू देऊ नका."